बीबीसीला खुलं पत्र: त्यांना बोलू द्या, पण आम्हाला ठेवायचं की नाही यावर चर्चा घेऊ नका

हॅरो, लंडन
१ नोव्हेंबर २००९

प्रति,
मा. मार्क थॉम्पसन, महासंचालक, बीबीसी
मा. सर मायकल लायन्स, अध्यक्ष, बीबीसी ट्रस्ट

थॉम्पसन साहेब, लायन्स साहेब,

मी हॅरोमध्ये १५ वर्षं राहते. मूळची कराडची. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचं काम करते, नवरा बस डेपोत मेकॅनिक आहे, लेक चौदा वर्षांची आहे आणि तिचा जन्म इथलाच. बीबीसी ज्या पैशावर चालते त्या टीव्ही लायसन्सचे १४२ पौंड ५० पेन्स आमच्या खात्यातनं दरवर्षी न चुकता जातात, तेव्हा दोन शब्द बोलायचा आम्हाला हक्क आहे असं मी धरून चालते.

या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवली आहे. इथे मराठीत लिहिते आहे कारण बाहेरून आलेल्यांच्या विरोधातला पक्ष बीएनपी (ब्रिटिश नॅशनल पार्टी), त्याचा प्रमुख निक ग्रिफिन याला तुम्ही क्वेश्चन टाइम या टीव्हीवरच्या चर्चेच्या कार्यक्रमात बोलावलंत, आणि गेले दहा दिवस आमच्या मराठी घरांमधे, मंडळात, फोनवर हाच विषय चालू आहे आणि बहुतेक जण शेवटी म्हणतात की जाऊ दे गं, आपल्याला काय करायचंय, आपण बरे आणि आपलं काम बरं. मला ते पटत नाही. विषय आपलाच होता, आणि आपण सोडून बाकी सगळे बोलले.

आधी त्या रात्रीचं सांगते. २२ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज नुकतीच झालेली, खिडकीतला आकाशकंदील अजून काढला नव्हता, चकलीच्या डब्यात तळाला तुकडे उरलेले. आई कराडहून आलेली आहे, दिवाळी धरून तीन महिन्यांसाठी. त्या दिवशी सकाळपासून तिचं लक्ष फोनकडे, कारण महाराष्ट्रात विधानसभेची मतमोजणी त्याच दिवशी होती आणि भाऊ तासातासाला निकाल कळवत होता. रात्री १०:३५ ला तुमचं क्वेश्चन टाइम लागलं. नवरा, मी, लेक आणि आई असे चौघं सोफ्यावर. निक ग्रिफिन पहिल्यांदा त्या टेबलाशी बसणार म्हणून आठवडाभर पेपर भरलेले होते, संध्याकाळपासून तुमच्या टेलिव्हिजन सेंटरच्या बाहेर निदर्शनं चाललेली, काही जण तर गेटमधून आत घुसले, ते सगळं बातम्यांत बघून झालं होतं.

पहिलाच प्रश्न चर्चिलवर आला. बीएनपीने चर्चिलला आपलंसं करून टाकलंय हे योग्य आहे का, अशा अर्थाचा. आईला इंग्रजी फार येत नाही पण चर्चिल हे नाव तिने बरोबर पकडलं आणि सरळ होऊन बसली. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढले. आमच्या आजोळी पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेला एक सहा टोकांचा तारा होता, फीत लाल-पांढरी-हिरवी, इटलीच्या झेंड्याचे रंग. दिवाळीत ट्रंक झाडायला काढली की आजोबा तो तारा आम्हा पोरांच्या तळहातावर ठेवायचे आणि खेचरांच्या, बर्फाच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्याच रेजिमेंटचे रायगडकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात मशीनगनच्या चौकीवर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी मिळाला. चर्चिलबद्दल माझं मत फार चांगलं नाही, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल वाचलंय तेव्हापासून, पण ती लढाई कोणाची होती हा प्रश्न निघाला तर आमच्या ट्रंकेतला तारा त्यात येतो, एवढं मला म्हणायचंय.

मग थोड्या वेळाने तो शब्द आला, इंडिजिनस. आईने विचारलं, काय म्हणतोय तो. मी म्हटलं, मूळचे. म्हणजे या देशाचे मूळचे लोक वेगळे आणि बाकीचे वेगळे असं म्हणतोय. आई म्हणाली, म्हणजे मूळचे आणि उपरे? मी म्हटलं हो, तसंच काहीसं. ती पाच मिनिटं गप्प बसली, टेबलाभोवतीच्या एकेकाचं तोंड बघत राहिली, आणि मग तिने जे विचारलं त्याच्यासाठी मी हे सगळं पत्र लिहिते आहे. ती म्हणाली, "मग हे सगळे मिळून तुम्हाला ठेवायचं का नाही ते ठरवतायत का?"

लेक चटकन म्हणाली नो आजी, इट्स ओन्ली टीव्ही. मला मात्र उत्तर देता आलं नाही. कारण आईने बरोबर ओळखलं होतं. एक तासभर, जवळपास ८० लाख लोकांसमोर, हाच विषय चालला होता.

आता मुद्द्यावर येते, आणि आधी हे स्पष्ट करते की मी बंदी मागत नाहीये. थॉम्पसन साहेब, तुमचा गार्डियनमधला लेख मी दोनदा वाचला. तुमचं म्हणणं की सेन्सॉरशिप आणायचीच असेल तर संसदेने आणावी, ते काम बीबीसीच्या गळ्यात घालू नये. जूनमध्ये युरोपियन पार्लमेंटच्या निवडणुकीत या पक्षाला ९,४३,५९८ मतं पडली, ६.२ टक्के, दोन खासदार निवडून आले, एक नॉर्थ वेस्टमधून स्वतः ग्रिफिन आणि दुसरे यॉर्कशायरमधून. ज्याला लोकांनी मतं दिली त्याला बोलवायचं नाही हे तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार. मंत्री पीटर हेन यांनी विरोध केला, बीबीसीवर देखरेख करणाऱ्या ट्रस्टकडे दाद मागितली. ते दक्षिण आफ्रिकेत वाढलेले, वर्णभेदाविरुद्ध उभे राहिलेले, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरी या एका गोष्टीत मी त्यांच्या बाजूने नाही.

का नाही ते सांगते. डिसेंबर १९७५ मध्ये आमच्या कराडला साहित्य संमेलन भरलं होतं. आणीबाणी चालू होती. मी अकरा वर्षांची, वडील मला घेऊन मांडवात गेले होते. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे सरकारातलेच मोठे मंत्री, आणि त्यांच्या देखत दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला लावली. मला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण वडिलांनी माझा हात इतका घट्ट धरलेला की बोटं दुखली, ते अजून आठवतं. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. १९७६ मध्ये किशोर कुमारचा आवाज आकाशवाणीवरून अचानक गायब झाला कारण त्याने सरकारच्या कार्यक्रमाला नकार दिला होता. रेडिओवर कोण बोलणार, कोण गाणार हे दिल्लीत ठरायचं. आणि मग १९७७ च्या लोकसभेला आकाशवाणीने पहिल्यांदा राजकीय पक्षांना प्रचाराला वेळ दिला तेव्हा आमच्या ओट्यावर आख्खी आळी रेडिओ ऐकायला जमायची, ज्याचं पटतं त्याचं आणि ज्याचं अजिबात पटत नाही त्याचंही सगळं ऐकायची. ज्या घराने हे बघितलंय त्या घरातल्या मुलीने तोंडं बंद करा म्हणून अर्ज लिहिणं मला शोभणार नाही.

आणि तुमच्याकडचाही अनुभव आहेच की. १९८८ मध्ये थॅचर बाईंच्या सरकारने शिन फेन या आयरिश पक्षाच्या लोकांचा आवाज टीव्ही-रेडिओवर ऐकवायला बंदी केली. चित्र दाखवायचं, ओठ हलताना दिसायचे, आवाज मात्र भाड्याच्या नटाचा. सहा वर्षं हे चाललं, १९९४ ला उठवलं. मी इथे आले त्याच वर्षी. त्या बंदीने एकही माणूस त्यांच्यापासून तुटला असं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तेव्हा बोलवलंत याबद्दल तक्रार नाही. बोलवून जे केलंत त्याबद्दल आहे.

सगळ्यात मोठी तक्रार प्रश्नांची. क्वेश्चन टाइम हा आठवड्यात जे घडलं त्यावर लोकांनी नेत्यांना प्रश्न विचारायचा कार्यक्रम. त्याच गुरुवारी पोस्टाचा देशभर संप सुरू झाला होता. बँकांना वाचवायला सरकारने ओतलेल्या पैशाचं काय, नोकऱ्या जातायत त्याचं काय, हे घराघरात चाललेलं. यातलं एकही तुमच्या कार्यक्रमात आलं नाही. चर्चिल कोणाचा, इस्लाम वाईट धर्म आहे का, सरकारच्या चुकीच्या इमिग्रेशन धोरणामुळे बीएनपी वाढली का, आणि शेवटी हा कार्यक्रम म्हणजे बीएनपीला नाताळची आगाऊ भेट आहे का, असे प्रश्न. मधे एक नुकत्याच वारलेल्या गायक स्टीफन गेटलीबद्दलच्या लेखावरचा, तो सोडला तर पूर्ण तास तो माणूस आणि आम्ही. तो माणूस खुर्चीवर बसलेला आणि आम्ही टेबलावर ठेवलेले.

कल्पना करा की त्याला विचारलं असतं, पोस्टमनचा संप तुम्ही कसा सोडवाल? शाळेत शिक्षक कमी आहेत, काय करणार? हॉस्पिटलमधे नर्सेस परदेशातून आल्या नाहीत तर वॉर्डात रात्री कोण उभं राहणार, आकडा सांगा. नऊ लाखांवर मतं घेतलेल्या पक्षाकडे या सगळ्याची उत्तरं असायला हवीत ना? ती आहेत का नाहीत हे लोकांना कळलं असतं. बाकीच्या पक्षांना तुम्ही दर आठवड्याला हेच विचारता आणि त्यांना घाम फुटतो. याला मात्र त्याच्या एकमेव आवडत्या विषयावर तासभर बसवलंत. दुसऱ्या दिवशी त्यानेच तक्रार केली की कार्यक्रमाचं स्वरूप बदललं, माझ्यावर सगळे तुटून पडले. त्याच्याशी माझं कशातच जमणार नाही, पण स्वरूप बदललं हे खरं आहे, आणि त्याचा त्रास त्याच्यापेक्षा आम्हाला जास्त झाला.

कसा झाला तेही सांगते. शुक्रवारी सकाळी लॅबमधे सेंट्रिफ्यूज लावून मी आणि माझी एक सहकारी उभ्या होतो. अतिशय भली बाई. माझ्या बाळंतपणात हिने माझ्या वाटच्या शिफ्ट केल्यात, माझ्या हातच्या करंज्या हिला वेगळ्या डब्यात द्याव्या लागतात. पंधरा वर्षं आम्ही मुलांची, गुडघेदुखीची, मशीन बिघडल्याची बोलणी केली. त्या दिवशी ती मशीन फिरत असताना सहज म्हणाली, काल बघितलंस का, माणूस वाईटच आहे तो, पण तुला नाही वाटत का की लोक जरा जास्तच आलेत? तुझ्याबद्दल नाही म्हणत हं. मशीन थांबेपर्यंतची दहा मिनिटं मी त्या काचेतून आत बघत उभी राहिले. तिच्यावर माझा राग नाही. पंधरा वर्षांत तिला हा प्रश्न मला विचारायचं सुचलं नव्हतं, तो तिला आदल्या रात्री मिळाला.

त्या आठवड्यात यूगव्ह या संस्थेची मतपाहणी आली, त्यात २२ टक्के लोकांनी बीएनपीला मत द्यायचा विचार करू शकतो असं सांगितलं. त्यातले बरेचसे नुसतं "कदाचित" म्हणणारे होते, मला माहित्येय, आणि एका कार्यक्रमाने एवढं होत नाही हेही कळतं. तरी तो आकडा बघून मी घरातल्या कोणाला सांगितला नाही.

दुसरी तक्रार तुमच्या रेडिओ वन स्टेशनची. ऑक्टोबर सुरू होता होता न्यूजबीट या बातम्यांच्या कार्यक्रमात दोन तरुणांची मुलाखत लावलीत, मार्क आणि जोई. बीएनपीचे साधे तरुण सभासद असल्यासारखी. फुटबॉलपटू अॅशली कोल ब्रिटिश वंशाचा नाही असं ते तिथे म्हणाले. स्टेपनीत जन्मलेला पोरगा, इंग्लंडसाठी खेळतो! माझी लेक चेल्सीची पक्की, ती शाळेतून येऊन मला विचारते की कोल नाही तर मग मी कोण. नंतर पेपरमधून कळलं की त्यातला मार्क म्हणजे मार्क कॉलेट, पक्षाच्या प्रचाराचं काम बघणारा माणूस, ज्याच्यावर ग्रिफिनबरोबर लीड्सच्या कोर्टात वांशिक द्वेषाचा खटला चालला होता. २००६ मध्ये दोघं सुटले, तेही लिहायला हवं. पण तो खटला उभा राहिला कशावरून, तर तुमच्याच बीबीसीच्या गुप्त कॅमेऱ्याने केलेल्या डॉक्युमेंटरीवरून! म्हणजे हा कोण हे जगात सगळ्यात चांगलं तुम्हाला माहीत होतं, आणि चौदा वर्षांच्या मुली ऐकतात त्या स्टेशनवर तुम्ही त्याचं आडनावसुद्धा सांगितलं नाहीत. क्वेश्चन टाइमवर निदान सूत्रसंचालक डिम्बल्बी समोर होते, ग्रिफिन होलोकॉस्टच्या, म्हणजे ज्यूंच्या हत्याकांडाच्या विषयावर हसला तेव्हा हसताय कशाला म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, आणि युरोपियन कायद्यामुळे मला बोलता येत नाही म्हणाला तेव्हा जॅक स्ट्रॉ यांनी मीच न्यायमंत्री आहे, असा काही कायदा आड येत नाही म्हणून सांगितलं. हे बरोबर झालं, असंच व्हायला पाहिजे. न्यूजबीटमधे हे कोणीच केलं नाही.

तिसरी गोष्ट ओळख करून द्यायची. १९९८ मध्ये वांशिक द्वेष पसरवणारं साहित्य वाटल्याबद्दल ग्रिफिनला नऊ महिन्यांची निलंबित शिक्षा झाली, ती आमच्या इथल्या हॅरो क्राउन कोर्टात. त्या कोर्टावरून माझी बस जाते. आणि पक्षाची घटना, ती तर कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीपर्यंत सरळ सरळ वंश बघून सभासद करून घेणारी होती, समानता आयोगाने कोर्टात खेचल्यावर १५ ऑक्टोबरला त्यांनी बदलायचं कबूल केलं. मला वाटतं ८० लाख लोकांना सुरवातीलाच, दोन वाक्यात, आवाज न चढवता हे सांगायला हवं होतं. की हा पक्ष, याला एवढी मतं आहेत, याच्या प्रमुखाला अमुक शिक्षा झालेली आहे, आणि या खोलीतल्या इतक्या लोकांना कालपरवापर्यंत हा पक्ष सभासदसुद्धा करून घेत नव्हता. मग करू दे की त्याला भाषण.

साउथॉल आमच्यापासून बसने जाण्यासारखं. २३ एप्रिल १९७९ ला नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाची सभा तिथल्या टाऊन हॉलमधे ठेवली होती, आमच्या लोकांच्या वस्तीत मुद्दाम. त्या दिवशीच्या निदर्शनात ब्लेअर पीच नावाचे न्यूझीलंडहून आलेले शिक्षक डोक्याला मार लागून गेले. तीस वर्षं झाली, त्यांना मारलं कोणी याचा निकाल अजून नाही. ग्रिफिन त्या काळी त्याच नॅशनल फ्रंटमधे होता. आमच्या मंडळात एक काका आहेत, त्या संध्याकाळी ते तिथे ब्रॉडवेवर होते, परवा दिवाळीच्या फराळाला ते इतकंच म्हणाले की तेव्हा हे लोक रस्त्यावर यायचे, आता सूट घालून येतात. तुमच्या निर्मात्यांमधे कोणाला त्या काकांसारख्या माणसांशी आधी बोलावंसं वाटलं नाही का?

चौथं मोठ्या पक्षांबद्दल, पण तुमच्या टेबलाशी घडलं म्हणून तुम्हालाच सांगते. इमिग्रेशनचा प्रश्न आला आणि लेबर, टोरी, लिबडेम तिघंही ग्रिफिनला सोडून एकमेकांशी भांडायला लागले की कोणाच्या राज्यात जास्त लोक आले. कोण जास्त कडक, याची चढाओढ. आईला त्यातलं इंग्रजी कळत नव्हतं तरी ती म्हणाली, आता हा का गप्प बसून ऐकतोय? बरोबर बोलली. त्याला बोलायची गरजच उरली नव्हती.

आणि इथे मला आपल्या मराठी लोकांशीही बोलायचंय, राग मानू नका. त्याच दिवशी, २२ तारखेला, तिकडे निकाल लागले आणि मनसेच्या १३ जागा आल्या. भाऊ फोनवर खूश होता. वर्षभरापूर्वी रेल्वेच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मारहाण झाली तेव्हा चॅनलवाले ती दृश्यं दिवसभर फिरवून फिरवून दाखवत होते, आणि आमच्यातले कितीतरी जण इथे हॅरोत, वेम्ब्लीत बसून म्हणत होते की बरं झालं, बाहेरचे फार झालेत. दोन्हीकडची परिस्थिती एक आहे असं मी म्हणत नाही, पक्षही एक नाहीत, मराठी माणसाची मुंबईतली दुखणी मला ठाऊक आहेत, माझा मामा गिरणी कामगार होता. पण सकाळी फोनवर "बाहेरचे" ऐकलं आणि रात्री टीव्हीवर तेच ऐकलं, आणि सकाळी मी काही बोलले नव्हते. म्हणून आज बोलते आहे, दोन्हीबद्दल.

पाचवं, ग्रिफिन कार्यक्रमानंतर म्हणाला की तो ऑडियन्स लंडनचा होता, लंडन आता ब्रिटिश शहर राहिलं नाही, कार्यक्रम स्टोकला, बर्नलीला, थरॉकला घ्या. यावर बीबीसीने एकदा तरी ठणकावून सांगायला हवं होतं की लंडन ब्रिटिशच आहे. त्या ऑडियन्समधल्या पोरांनी छान उत्तरं दिली. एक तरुण म्हणाला की आम्ही वर्गणी काढून तुमचं दक्षिण ध्रुवाचं तिकीट काढतो, तिथे सगळं रंगहीन आहे, तुम्हाला मानवेल. घरात आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण नंतर अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं की त्या पोराला पुढच्या गुरुवारी बँकांवर प्रश्न विचारायला कोणी बोलवणार आहे का? आमच्यासारखी तोंडं कॅमेऱ्याला फक्त वंशाचा विषय असेल तेव्हाच हवी असतात, आणि मग बघणाऱ्यालाही वाटायला लागतं की हे लोक म्हणजे एक विषय आहेत.

हे तुमच्या संस्थेला शोभत नाही असं मी म्हणते ते उगीच नाही. दुसऱ्या महायुद्धात, लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, कोल्हापूरकडच्या वेणू चितळे तुमच्या ईस्टर्न सर्व्हिसमधे काम करायच्या, जॉर्ज ऑर्वेल होते तिथेच. मराठीतून बोलायच्या, लांब आपल्या गावाकडच्या लोकांना इथलं सांगायच्या. फॅसिझमविरुद्ध काय बोलायचं ते बीबीसीने तेव्हा आमच्या भाषेत सांगितलं होतं. त्या माइकवर आमचा आवाज साठ-सत्तर वर्षं जुना आहे.

आता मागण्या. साध्या आहेत.

एक, नियम लिहून जाहीर करा. किती मतं, किती जागा असल्या की पक्षाला पॅनेलवर बोलवणार, वर्षातून किती वेळा, आणि तो नियम सगळ्यांना सारखा लावा. ग्रीन पार्टीचेही दोनच युरोपियन खासदार आहेत, त्यांना लावता तोच. म्हणजे उद्या बोलवलं तर कोणी ओरडणार नाही आणि मतं घटल्यावर नाही बोलवलं तर त्यालाही सेन्सॉरशिपचा कांगावा करता येणार नाही.

दोन, जो पक्ष येईल त्याला तेच प्रश्न, जे बाकीच्यांना. पोस्ट, शाळा, बँका, हॉस्पिटल, घरपट्टी. त्याच्या एका विषयाचा वेगळा तास नको. ही माझी मुख्य मागणी आहे, बाकीच्या चार फेटाळल्यात तरी ही फेटाळू नका.

तीन, पक्षाचा पदाधिकारी बोलत असेल तर पूर्ण नाव, हुद्दा आणि कोर्टाची शिक्षा असल्यास ती, कार्यक्रमातच सांगा. न्यूजबीटच्या मुलाखतीबद्दल त्याच स्टेशनवर, त्याच वेळेला दिलगिरी व्यक्त करा. वेबसाइटवर कोपऱ्यात नको, माझी लेक वेबसाइटचा कोपरा वाचत नाही.

चार, पक्ष स्वतः बनवून देतात त्या प्रचार फिल्म. इथे टीव्हीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करता येत नाही, त्याच्या बदल्यात हा वेळ फुकट मिळतो, हे मला अतिशय चांगलं वाटतं, पैसेवाल्यालाच आवाज असं होत नाही. मे महिन्यात बीएनपीचीही फिल्म लागली. ती काढून टाका असं नाही म्हणत. पण त्यात आकडे सांगितलेले असतील तर त्याच रात्रीच्या बातम्यांत ते तपासून खरे किती, खोटे किती ते सांगा. सगळ्याच पक्षांचे तपासा.

पाच, ट्रस्टने २१ ऑक्टोबरला आक्षेप फेटाळले त्याची कारणं सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत सांगा, आणि पुन्हा असा निर्णय घ्यायच्या आधी साउथॉल, बर्नली, ओल्डहॅम, बार्किंग अशा ठिकाणच्या लोकांना बोलवून ऐका. गोऱ्या लोकांनाही बोलवा, ज्यांनी त्या पक्षाला मत दिलंय त्यांनाही. बार्किंगमधे कौन्सिलची घरं मिळत नाहीत म्हणून चिडून मत दिलेली माणसं आहेत, त्यांचं घराचं दुखणं खरं आहे, आणि त्यांनाही त्या तासात कोणी घराबद्दल विचारलं नाही.

आई जानेवारीपर्यंत इथे आहे. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही, तुमच्याकडून काय येतं त्याची वाट बघते आहे. पत्र पोस्टाने पाठवणार होते पण संप चालू आहे, म्हणून ईमेल केलं, संप मिटला की सही केलेली प्रत रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवते.

आपली,
हॅरोची एक लायसन्सधारक